हाडांची उधारी

गेल्या पावसाळ्यात आमची अम्मी पडली. पहाटे वजू करायला उठली, मोरीच्या उंबऱ्याशी पाय सरकला आणि ती जागच्या जागी कलंडली. उंचावरून पडली नाही, कुणाची धडक लागली नाही. एवढ्याशा पडण्याने तिचे खुब्याचे हाड मोडले.

इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. आम्ही पडण्याची हकीकत सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, पडल्यामुळे हाड मोडलं असं तुम्ही म्हणताय. मला वाटतं, हाड आतून केव्हाच पोकळ झालं होतं. पडणं हे नुसतं निमित्त. ह्यांच्या हाडांतलं कॅल्शियम वीस वर्षांपासून कमी होत असणार."

वीस वर्षे! म्हणजे आम्ही अम्मीच्या हातचे जेवत होतो, ईदला तिच्या हातचा शीरखुर्मा पीत होतो, आणि त्याच काळात ती आतून झिजत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. तिला स्वतःलाही नव्हता.

ऑपरेशनच्या रात्री तिच्या उशाशी बसलो होतो. वर सलाईनची बाटली थेंबथेंब उतरत होती. वाचायला दुसरे काही नव्हते म्हणून बाटलीवरचीच अक्षरे वाचली. नाव होते 'रिंगर लॅक्टेट'. खाली घटकांची यादी आणि त्यात थोडेसे कॅल्शियमही. आम्ही पडलो उर्दू आणि मराठी शिकवणारे. रिंगर हे औषधाचे नाव असेल असे धरून चाललो. सुट्टी संपल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले, तर ते हसून म्हणाले, "अहो, रिंगर हा माणूस होता!" त्यांनी सांगितलेली गोष्ट इतकी आवडली की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

सिडनी रिंगर हे लंडनमधले डॉक्टर. १८८० नंतरच्या काही वर्षांत ते बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य पाण्यात ठेवल्यास काही तास धडधडत राहते. हे योग्य पाणी कोणते, हाच त्यांचा शोध. १८८२ साली त्यांनी लिहिले की मिठाच्या साध्या द्रावणात हृदय छान चालते. मग लक्षात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेल्या शुद्ध पाण्यात बनवलेलेच नव्हते. ते बनले होते नळाच्या पाण्यात. तेच द्रावण शुद्ध पाण्यात बनवून पाहिले, तर हृदय थोड्याच वेळात मंदावले आणि थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? लंडनच्या परिसरातले पाणी चुनखडीच्या जमिनीतून झिरपत येते, म्हणून त्यात कॅल्शियम असते. शुद्ध पाण्यात किंचित कॅल्शियम घालताच थांबू लागलेले हृदय पुन्हा धडधडू लागले. १८८३ साली रिंगरनी आपली चूक उघडपणे छापली आणि त्या चुकीतूनच शास्त्राला मोठी गोष्ट कळली. कॅल्शियम नसेल तर हृदय आकुंचन पावत नाही.

तोवर आम्ही समजत होतो की कॅल्शियम म्हणजे हाडे आणि दात. ते खरेच आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. पण जीव अडतो तो उरलेल्या एका टक्क्यावर. हृदयाचा ठोका, हातापायांच्या स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंचे निरोप, जखमेतल्या रक्ताचे गोठणे, ही सगळी कामे त्या एका टक्क्यातून चालतात. आणि रक्तात कॅल्शियम असते तरी किती? अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून अर्धा ग्रॅमही नाही. ते थोडे कमी झाले की ओठांना, बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. फारच उतरले तर आकडी येते, हृदयाची लय बिघडते.

म्हणून शरीराने पहारा बसवला आहे. गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. रक्तातले कॅल्शियम जरा उतरले की त्या आपला रस रक्तात सोडतात. त्या रसामुळे मूत्रपिंडे कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्वाच्या मदतीने आतडे अन्नातून जास्त कॅल्शियम ओढून घेते. पण अन्नातच नसेल तर? मग हुकूम हाडांना जातो. हाडे थोडी विरघळतात आणि त्यांतले कॅल्शियम रक्तात उतरते.

ही झाली उधारी. हृदयाला रोजची रक्कम रोज मिळते, एक दिवसही चुकत नाही, आणि ती हाडांच्या खात्यातून कापली जाते. आपण खात्यात भरणा केला तर बाकी सारखी राहते. भरणा केला नाही तर वर्षानुवर्षे नुसती वजावट. मौज अशी की रक्त तपासले तर बहुतेक वेळा कॅल्शियम बरोबर निघते, कारण रक्तातली कमी हाडे भरून काढीत असतात. अम्मीचेही रिपोर्ट बरोबरच यायचे. आम्ही निश्चिंत.

हे कॅल्शियम येते कुठून? आपल्या पायाखालून. पृथ्वीच्या कवचात ते वजनाने पाचव्या क्रमांकावर आहे. चुनखडी, संगमरवर, खडू, शिंपले, प्रवाळ, ही सगळी त्याचीच रूपे. नावही चुन्यावरूनच आले आहे. लॅटिनमध्ये 'कॅल्क्स' म्हणजे चुना. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी चुन्यातून वीज सोडून हा धातू पहिल्यांदा वेगळा केला. हो, धातू. चंदेरी दिसतो, पण हवेत आणि पाण्यात तो लगेच दुसऱ्याशी जोडला जातो, म्हणून निसर्गात कधी एकटा सापडत नाही.

पावसाचे पाणी खडक झिजवते, नद्या ते कॅल्शियम समुद्रात नेतात, समुद्रातले जीव त्याचे कवच बांधतात. ते मेले की कवचांचे थर साचतात आणि लाखो वर्षांनी त्यांचीच चुनखडी होते. आमच्या कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करीत. त्या चुन्याने रंगवलेल्या घरात आमचे बालपण गेले. परड्यातल्या कोंबड्या त्या भिंतीला टोचा मारायच्या आणि दादी त्यांना हुसकावायची. आता कळते, कोंबड्यांना अक्कल होती. अंड्याच्या एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच बनायला वीसेक तास लागतात. त्यातले बरेचसे रात्री बनते, तेव्हा कोंबडीच्या पोटात दाणा नसतो. मग ती आपल्या हाडांतून कॅल्शियम काढते. दिवसा चुना टोचते ती ही रात्रीची उधारी फेडायला.

आमच्या अम्मीला मात्र उधारी फेडायची सवड मिळाली नाही.

आम्ही पाच भावंडे. प्रत्येकाला तिने अंगावर पाजले. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मूल पाजताना आईच्या हाडांतले कॅल्शियम खरोखर कमी होते, पहिल्या सहा महिन्यांत साधारण ३ ते ५ टक्के. पण मूल अंगावरून तुटले की काही महिन्यांत ते पुन्हा भरून येते. तेव्हा दूध पाजल्याने बाईची हाडे कायमची जातात असे कुणी समजू नये, आणि त्या भीतीने कुणी बाळाचे दूध तोडू नये.

खरी गळती पुढे सुरू होते. वयाच्या तिशीपर्यंत हाडांत जमा वाढत असते. त्यातली बहुतेक जमा अठरा-वीस वर्षांच्या आतच होते. नंतर काही वर्षे खाते स्थिर राहते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पुढची पाच-दहा वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात. ज्या बाईने तरुणपणी भरपूर जमा केले ती तरून जाते. जिची जमा मुळात थोडी, तिचे हाड मोरीच्या उंबऱ्याशी मोडते. दुखत नाही, खुपत नाही, सूजही येत नाही. पहिली खबर येते ती हाड मोडल्यावरच.

अम्मीची जमा थोडी का राहिली? आठवून पाहिले आणि मान खाली गेली. घरी रोज एक शेर दूध यायचे. त्यातला पहिला पेला अब्बांचा, मग आम्हा मुलग्यांचे, मग बहिणींचे अर्धे अर्धे. साय आम्हाला भाकरीवर मिळायची. दस्तरखानावर अम्मी सर्वांत शेवटी बसायची, तोवर दह्याचे भांडे पुसलेले असायचे. तिच्या वाट्याला कोरा चहा. "मला दुधाचा वास सोसत नाही," असे ती सांगायची आणि आम्ही ते खरे मानायचो. इस्पितळात परिचारिकेने कपभर दूध दिले, तर तिने एका दमात संपवले. आम्ही पाहतच राहिलो.

त्या दिवसांत फुफू भेटायला आली ती पायाचा शोरबा घेऊन. "हाड हाडाला जोडतं," म्हणाली. आपल्याकडे कुणाचे हाड मोडले की पाया शिजतोच. आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. पण विज्ञानाच्या सरांनी आमच्या वर्गात एक प्रयोग करून दाखवला. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ हाड सिरक्यात बुडवून ठेवले आणि दर दोन दिवसांनी सिरका बदलला. आठवड्याने हाड बाहेर काढले, तर ते रबरासारखे वाकले! सिरक्याच्या आंबटपणाने त्यातले कॅल्शियम विरघळून गेले आणि मागे उरला तो नुसता चिवट भाग. मुलांनी ते हाड हातोहात फिरवले. मग एकीने विचारले, "सर, मग पायाच्या शोरब्यात पण हाडाचं कॅल्शियम उतरतं का?" सरांचे उत्तर असे: साध्या पाण्यात कितीही वेळ उकळले तरी हाडातले कॅल्शियम फारसे सुटत नाही. शोरबा थंड झाल्यावर थिजतो तो त्या चिवट भागामुळे. पायात प्रथिने आहेत, ऊब आहे, फुफूची माया आहे. तो जरूर प्यावा. पण त्याने कॅल्शियमची भरपाई झाली असे मानू नये.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. गव्हाच्या दाण्याएवढा पानाचा चुना रोज खा, हाडे पोलादी होतील, असा निरोप मोबाईलवर फिरत असतो. आमच्याकडेही तो तीन नातेवाइकांकडून आला. पानाचा चुना दाहक असतो, तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा त्याने भाजते. हे औषध नव्हे. घरात चुन्याची पुडी असेल तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. चुना डोळ्यात उडाला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. असे झालेच तर क्षणही न दवडता वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरांकडे जा.

मग भरणा करायचा कसा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींना १०००, सोळा ते अठराच्या वयात १०५०. म्हणजे आमच्या नववीतल्या लेकीला आमच्याइतकेच लागते.

आकडा मोठा वाटतो, पण आपल्याच स्वयंपाकघरात तो गाठता येतो. पेलाभर दुधातून, म्हणजे २०० मिलिलिटरमधून, सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. वाटीभर दह्यातून सव्वाशेच्या आसपास. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या घरात कॅल्शियम असते, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या एका भाकरीत पावणेदोनशे. दोन चमचे न सोललेले तीळ सव्वाशेच्या पुढे जातात. नाचणीतले आणि तिळातले सगळेच अंगी लागत नाही हे खरे, पण नाचणीला मोड काढून पीठ केले तर थोडे जास्त लागते. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना आणखी एक देणगी आहे. मांदेली, सुकट, जवळा अशी जी मासळी काट्यासकट चावून खाता येते, तिचे काटे हे कॅल्शियमच. मोठ्या सुरमईच्या तुकडीपेक्षा या बाबतीत गरिबाची सुकट सरस.

पालकाची भाजी मात्र फसवते. तिच्यात कॅल्शियम आहे, पण त्याला ऑक्झलेटने धरून ठेवलेले असते. ते फारच थोडे शोषले जाते. शेवग्याचा पाला, मेथी त्यापेक्षा बऱ्या. खजूर गुणी फळ आहे, पण कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नये. रमजानमध्ये सहरीला दह्याची वाटी आणि इफ्तारनंतर पेलाभर दूध असले, तर रोजे असूनही भरणा चुकत नाही. दूध पचत नसेल त्यांनी दही, ताक घ्यावे.

खाल्लेले आतड्यातून आत जायला ड जीवनसत्त्व लागते आणि त्याचा मोठा पुरवठा त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून होतो. इथे आपल्या घरांतल्या बायका मागे पडतात. स्वयंपाकघर आतल्या अंगाला, बाहेर जाताना अंग झाकलेले, आणि आता शहरात खुराड्यांसारखे फ्लॅट. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन उबदार लागते, पण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व बनते ते किरण काच अडवते. तेव्हा परड्यात, गच्चीवर, आडोसा करून का होईना, हात आणि चेहरा उघडा ठेवून पंधरा-वीस मिनिटे ऊन घ्यावे. दहा-अकराच्या पुढचे ऊन या कामाला चांगले. कोवळ्या सकाळच्या उन्हात हे किरण कमी असतात. बायकांना अशी जागा आणि एवढा वेळ मिळवून देणे ही घरातल्या पुरुषांची जबाबदारी आहे. आणि चालणे हवे. हाडावर भार पडला तरच हाड भरते.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. पाळी गेलेल्या, हाड मोडलेल्या किंवा गरोदर बाईला डॉक्टर गोळ्या देतात, त्या जरूर घ्याव्यात. पण शेजारणीच्या सांगण्यावरून कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व मनाने सुरू करू नये. जास्त झाल्यास मूत्रपिंडाला त्रास होतो, खडे होऊ शकतात. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही.

अम्मी आता वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते. नमाज खुर्चीवर बसून पढते. औषधे चालू आहेत. गेलेले सगळे परत येणार नाही, पण पुढची गळती थोपवता येते, असे डॉक्टर म्हणतात.

ती घरी आली त्या संध्याकाळची गोष्ट. बेगमने दुधाचे पातेले उतरवले. एक पेला अम्मीचा, एक आमचा, एक लेकीचा. अम्मीने आपला पेला लेकीकडे सरकवला. "हिला दे, हिच्या वाढीचं वय आहे." लेक नाक मुरडून म्हणाली, "दादी, मला दुधाचा वास सोसत नाही." आम्ही दचकलो. मग नजर बेगमकडे गेली. ती कोरा चहा घेऊन उभी होती. वय बेचाळीस. म्हणजे आमच्याच डोळ्यांसमोर आमच्याच घरात दुसरी अम्मी तयार होत होती.

आम्ही विचारले, "तुझं दूध?"

"अहो, तीनच पेले होतात एवढ्यात."

दुसऱ्या दिवसापासून अर्धा लिटर दूध जास्त सांगितले. पान-सुपारीचा खर्च बंद केला, त्यात ते बसले. आता पातेले उतरले की पहिला पेला बेगमचा आणि ती तो आमच्यासमोर बसून पिते, असा नियम आहे. लेकीला नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून गूळ घालून दिले तर वास सोसतो, असा शोध लागला. अम्मी अजूनही रोज आपला पेला कुणाकडे तरी सरकवते. आम्ही तो रोज परत तिच्यासमोर ठेवतो.

वाचकहो, आज रात्री दस्तरखान उचलताना एकदा पाहा, तुमच्या घरात कोरा चहा कोण पीत आहे.